हळदीकुंकवाचं वाण घरीच वाढवायचं : वर्षभराच्या नोंदी

२१ जानेवारी २०२४, रविवार

आज सोसायटीतलं पाचवं हळदीकुंकू करून आले. पिशवीतलं वाण ओट्यावर काढलं, दोन प्लास्टिकच्या गाळण्या, साबणाची डबी, एक स्टीलची वाटी (ही खरंच कामाची आहे) आणि एक डबा ज्याचं झाकण आत्ताच बसत नाहीये. माळ्यावर आधीच्या वर्षांचं असंच एक खोकं भरून आहे. देणारीने प्रेमाने दिलेलं असतं त्यामुळे टाकवत नाही आणि वापरलंही जात नाही. आपल्याकडे दोन वर्षं हळदीकुंकू झालं नाही, पुढच्या संक्रांतीला करायचंच आणि वाण म्हणून प्रत्येकीला एक झाड द्यायचं, विकत आणून नाही, आपल्या बाल्कनीत वाढवलेलं. चाळीसेक बायका होतील. एकूण खर्च १५०० रुपयांच्या आत, कुंड्या धरून. आणि जोवर द्यायची वेळ येत नाही तोवर तीच झाडं घरात छान मांडून ठेवायची, म्हणजे हॉलच्या त्या मोकळ्या भिंतीचंही काम होईल.

आई (सासूबाई) ऐकून म्हणाल्या, वाणाचं झाड चार दिवसात वाळलं तर कुणाच्या मनाला लागेल गं, चिवट काहीतरी बघ. म्हणून मग मांसल पानांची, म्हणजे ज्यांना सगळे सक्युलंट म्हणतात ती झाडं. पाणी विसरलं तरी आठ-पंधरा दिवस काही बिघडत नाही त्यांचं.

जागा: पुण्यात सिंहगड रोड, तिसरा मजला, बाल्कनी पूर्वेला, ऊन सकाळी साडेदहा-अकरापर्यंत. हॉलची खिडकी उत्तरेला. सध्या घरात आहे काय तर तुळस, एक जुनी कोरफड, एक मनी प्लांट.

२७ जानेवारी

एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन. दरवर्षी २६ जानेवारीच्या आसपास असतं आणि तुफान गर्दी असते, पण एका जागी इतके स्टॉल दुसरीकडे बघायला मिळत नाहीत. दोनच झाडं घेतली. एक घोस्ट प्लांट, करड्या-जांभळट पानांचं, ६० रुपये, आणि एक हॅवर्थिया (छोट्या कोरफडीसारखं दिसतं) ८० ला. घोस्ट प्लांट निवडताना मी फुलासारखा दिसणारा शेंडा बघितलाच नाही, खालची पानं मोजत बसले, कारण ह्याचं प्रत्येक पान म्हणजे एक बी आहे. ज्याला खालपर्यंत घट्ट, न सुरकुतलेली ४५-५० पानं होती ते घेतलं. शेजारी त्याच किमतीत त्याहून देखणं झाड होतं पण खालून उघडं पडलेलं.

४ फेब्रुवारी

मातीचा दिवस. नर्सरीतल्या पिशवीतली माती वाळली की विटेसारखी होते आणि ओली झाली की चार दिवस सुकत नाही, ती ह्या झाडांना अजिबात चालत नाही. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक किलोची वीट ६० ला आणि ५ किलो गांडूळ खत १०० ला. बाकी सगळं फुकट मिळवलं. बी विंगमध्ये एका फ्लॅटचं काम चालू आहे, तिथल्या मुकादमाला विचारून अर्धं पोतं विटांचे तुकडे आणि थोडी वाळू आणली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी विझलेल्या कोळशाचे तुकडे दिले (राख नाही घ्यायची, फक्त तुकडे).

विटा पोत्यातच ठेवून गच्चीवर बत्त्याने फोडल्या. मग गव्हाच्या चाळणीने वरचे मोठे तुकडे काढले आणि पिठाच्या चाळणीने खालची धूळ काढली, ही धूळ काढणं फार महत्त्वाचं कारण तीच पुढे चिखल होऊन भोकं बुजवते. मधे उरतात ते ज्वारीपासून हरभऱ्याएवढे दाणे, तेच हवेत. वाळू तीनदा धुतली, पहिलं पाणी चहासारखं आलं. प्रमाण असं ठेवलं, कोकोपीट एक वाटी, खत एक वाटी, वाळू-विटा-कोळसा मिळून दोन वाट्या. मूठ भरून दाबली आणि सोडली की ढेकूळ लगेच विस्कटलं पाहिजे.

आत्तापर्यंतचा एकूण खर्च ३००.

११ फेब्रुवारी

घोस्ट प्लांटची १० पानं काढली. पान धरून डावी-उजवीकडे हळू हलवायचं, टक् असा आवाज येऊन बुडापासून निघतं. अर्धं तुटलं तर त्यातून काही येत नाही कारण कोंब त्या बुडातूनच फुटतो. मातीवर ठेवली, पाणी शिंपडलं.

१९ फेब्रुवारी

दहाच्या दहा गेली. पिवळी, पारदर्शक, हात लावला तर साय लागावी तशी. आठ दिवस रोज सकाळी पाणी शिंपडत होते.

आईंनी बघितलं आणि विचारलं, तोडल्यावर किती दिवस सुकू दिलीस? म्हटलं लगेच लावली. त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर, तिकडे पावसाळी बटाटा होतो. म्हणाल्या, आम्ही बटाट्याचं बेणं कापायचो तर लगेच कधी लावायचो नाही, कापलेल्या तोंडावर खरपुडी धरू द्यायची, सावलीत पसरून, ओलं तोंड मातीत गेलं की सडलंच समज. आणि ह्या पानात तर पाणीच पाणी, त्याला वरून अजून पाणी कशाला?

इतकं नेमकं मला कुठल्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. ही झाडं कोरड्या मुलखातली, पानाची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री गारव्याला उघडतात म्हणजे आतलं पाणी उडत नाही. पान तोडलं तरी ते महिना-दोन महिने आतल्या साठ्यावर जगतं. त्या काळात त्याला पाण्याची नाही, तोंड बंद व्हायची गरज असते.

२५ फेब्रुवारी

आजपासून वाळवणाचं खातं आईंकडे. ३० पानं काढली, मूळ झाडाला वर शेंडा आणि पाच-सहा पानं ठेवली. आईंनी ती सुपात पसरली आणि सूप फ्रीजवर, सावलीत. पानं एकमेकांना चिकटू दिली नाहीत, कुरडया घालतात तशी ओळीत.

माळीकाकांनी आज गेटजवळचं जेडचं कुंपण छाटलं, त्यातल्या बोटाएवढ्या २० फांद्या मागून घेतल्या. आपल्याकडे नर्सरीत जेड म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पोर्तुलाकारिया आफ्रा असतं, बारीक गोल पानं आणि तांबूस खोड. दक्षिण आफ्रिकेत हत्ती ते आवडीने खातात. खरं जेड म्हणजे क्रासुला, त्याची पानं मोठी नि जाड असतात. मला हे कुंपणाचंच हवंय, पुण्याच्या उन्हात आणि पावसात टिकलेलं आहे. ह्या फांद्याही दोन दिवस सुपात.

१ मार्च

पाच दिवसांनी पानांच्या बुडाशी फिकट तपकिरी, कोरडी टोपी आली आहे, नखाने टोकरलं तर कांद्याच्या सालीसारखी लागते. मिठाईच्या प्लास्टिकच्या चपट्या डब्यांना खाली तापलेल्या सुईने भोकं पाडली, दोन बोटं माती, वर पानं नुसती ठेवली, पुरली नाहीत. पाणी शून्य. जेडच्या फांद्या खालची पानं काढून मातीत खोचल्या, त्यांनाही पाणी चार दिवसांनीच.

१६ मार्च

मुळं आली!! सकाळी लेकीने आधी बघितलं, शाळेच्या युनिफॉर्ममध्येच ओरडत आली. पानाच्या बुडातून गुलाबी दोरे, शिवणाच्या दोऱ्यापेक्षाही बारीक, काही हवेतच वर वळलेले. भिंगातून बघितलं तर मुळांच्या मधोमध एक करडा दाणा आहे, मोहरीएवढा, आणि तो दाणा म्हणजे चार पानांचं पूर्ण फूल आहे, मूळ झाडासारखंच, पानांना टोकंसुद्धा. मी पोळ्या टाकायच्या सोडून दहा मिनिटं तिथेच. ३० पैकी २४ पानांना काही ना काही आलंय. काहींना नुसती मुळं आणि पिल्लू नाही, काहींना पिल्लू आहे मूळ नाही, दोन्ही प्रकार डब्यात राहू द्यायचे, उशिरा का होईना बरेचसे जमवून घेतात.

आजपासून पाणी, पण पानावर नाही. जुन्या औषधाच्या ड्रॉपरने मुळाच्या बाजूला चार थेंब, तीन दिवसांतून एकदा. म्हातारं पान सुरकुतत जाईल, ते आपण ओढून काढायचं नाही, पिल्लू त्याच्यावरच पोसतंय. कागदासारखं वाळलं की आपोआप सुटतं.

३० मार्च

नर्सरीतून दोन इचेव्हेरिया आणले, लाल टोकांचे, गुलाबासारखे, १२५ ला एक. विचारल्यावर कळलं की माल कालिंपाँगकडून येतो. दार्जिलिंगच्या बाजूचा तो डोंगराळ भाग कॅक्टस-सक्युलंटच्या नर्सऱ्यांसाठी प्रसिद्धच आहे. आत्ता फार सुंदर दिसतायत, खिडकीशी ठेवले. थंड हवेत वाढलेलं झाड पुण्यात कसं राहतं बघू.

खर्च ५५०.

२८ एप्रिल

पारा चाळिशीपार. सकाळचंच ऊन येतं म्हणून निर्धास्त होते पण दहाचं ऊन आता मार्चच्या बाराच्या उन्हासारखं आहे. चार पिल्लं भाजली, पानांवर पांढरट कोरडे डाग पडले आणि मग मऊ झाली. आज दोन मीटर हिरवी जाळी आणून (९० रुपये) कपड्याच्या चिमट्यांनी ग्रिलला लावली. पाणी संध्याकाळी सातनंतरच, दुपारी तापलेल्या मातीत पाणी घातलं तर मुळं शिजतात. घोस्टची आता २०. जेडच्या २० फांद्यांपैकी १६ रुजल्या, ओढून बघितलं तर माती धरून ठेवतात.

कोरफडीला दोन पिल्लं दिसतायत कडेला.

१९ मे

कुंड्यांचा प्रश्न सुटला आणि तो असा सुटेल असं वाटलं नव्हतं. काल एका लग्नाला गेलो, जेवणानंतर मटका कुल्फी. लोक खाऊन मातीची मटकी कचऱ्याच्या पिंपात टाकत होते, चांगली भाजलेली, लालबुंद, हाताच्या ओंजळीत बसतील एवढी. केटररच्या मुलाला विचारलं नेऊ का, तो म्हणाला ताई सगळी न्या. नवऱ्याने कोटाची बाही वर करून पिंपाशेजारी उभं राहून ६० मटकी गोळा केली आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं.

दुधाची चिकटाई राहिली तर मुंग्या येतात म्हणून कपड्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घासली. मग रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवली, कारण कोरडं भाजलेलं मडकं ड्रिलखाली काचेसारखं तडकतं. टाईल्सचं ६ एमएम बिट (७० रुपये), ड्रिलचा ठोकायचा मोड बंद, मटकं पालथं एका जुन्या उशीवर, आणि जोर अजिबात द्यायचा नाही, नुसतं मशीनचं वजन. आधी लाल चिखल येतो, मग आवाज बदलतो, पोकळ होतो, तिथे हात अजून हलका करायचा. जी फुटली ती सगळी त्या शेवटच्या क्षणी दाबल्यामुळे. ११ फुटली, ४९ उरली. फुटलेल्यांच्या खापऱ्या भोकावर ठेवायला.

२६ मे

मांडणी. दरवर्षी ज्यांच्याकडून हापूस घेतो ते अजून लाकडी पेटीतून देतात. चार पेट्या जमवल्या, दोन आपल्या आणि दोन शेजारच्या काकूंच्या. भाताचा पेंढा झटकून काढला, वर आलेले खिळे ठोकले, पॉलिश पेपर मारला, दाराच्या कामातलं उरलेलं व्हार्निश दोन हात. पट्ट्यांमध्ये फटी असतात ते ह्या कामाला उलट चांगलं, हवा खेळती राहते. हॉलच्या मोकळ्या भिंतीवर दोन आडव्या, दोन उभ्या, एकमेकींना स्क्रूने जोडल्या आणि मागून लोखंडी अँगलने भिंतीत अडकवल्या, नुसत्या रचून ठेवू नयेत, घरात लहान मूल असेल तर नाहीच. अँगल नि स्क्रू १२० रुपये. पेटीच्या बाजूवर बागेचं नाव छापलेलं होतं ते घासलं नाही, दर्शनी बाजूला ठेवलं.

मनी प्लांटच्या वेलाच्या कांड्या करून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत पाण्यात लावल्या. उसाच्या कांडीला डोळा लागतो तसंच इथे पेर लागतं, पेराशी तो तपकिरी फुगवटा असतो तो पाण्यात बुडाला पाहिजे. नुसतं पान-देठ पाण्यात महिनोन्‌महिने हिरवं राहील पण वेल होणार नाही. पाणी आठवड्याने बदलायचं. सगळ्यात वरच्या पेटीवर ह्या तीन बाटल्या, आतल्या मुळांवर खिडकीचा उजेड पडतो ते बघत बसावंसं वाटतं. हॉलमध्ये अजून आंब्याचा वास आहे.

खर्च ८३०.

१६ जून

घरकामाच्या मावशी गावाहून, वेल्ह्याच्या बाजूहून आल्या, माझ्या डब्यांकडे रोज बघत होत्या म्हणून येताना पानफुटीची चार पानं आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून. पिशवीतच कोंब आलेत! पानाच्या कडेला जिथे जिथे खाच आहे तिथे एक एक इवलं रोप. शाळेत असताना वहीत पान ठेवून रोज उघडून बघायचो ते आठवलं. नुसतं मातीवर टेकवलं. मुतखड्यासाठी लोक हे पान खातात पण मी वाण देताना कुणाला खायला सांगणार नाही, त्यात विषारी द्रव्यंही असतात आणि गुरांनी जास्त खाल्लं तर बाधतं. त्याच कारणाने शेर आणि काटेरी युफोर्बिया मी ह्या यादीत घेतलेच नाहीत, त्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो आणि घरोघरी लहान मुलं असतात.

काकूंकडून स्नेक प्लांटचं एक लांब पान मिळालं, पिवळ्या काठाचं. चार बोटांचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या बाजूला कात्रीने टोक काढलं, कारण उलटा लावला तर तो रुजत नाही आणि कापल्यावर खालचं वरचं ओळखू येत नाही. तुकडे सुपात, आईंकडे.

२६ जुलै

कालचा दिवस विसरणार नाही. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आमची बिल्डिंग उंचावर आहे पण माझ्या ओळखीच्या दोन घरांत सगळं भिजलं, काल दिवसभर त्यांच्याकडे जेवण, कोरडे कपडे पोचवत होतो. झाडांकडे बघायला आज दुपारी वेळ झाला. वाऱ्याने जाळी सुटली होती, सहा मटकी खाली पडून फुटली, घोस्टची ८ पिल्लं मातीतच विरघळल्यासारखी झाली. दोन्ही इचेव्हेरियाही गेले, ते खरं तर आठवडाभर आधीपासूनच मधून काळे पडत होते, दमट उकाडा त्यांना सोसत नाही. पुण्यात गुलाबासारख्या त्या झाडांच्या नादी लागायचं तर पावसाळ्यात आत, पंख्याखाली, असं असेल तरच.

घोस्टची १२ राहिली. सगळं उचलून आत पेट्यांवर आणलं.

११ ऑगस्ट

पिठ्या ढेकूण. जेडच्या पेरांमध्ये कापसाचे बारीक पुंजके आणि मुंग्यांची रांग, मुंग्या दिसल्या की शोधायला लागायचं कारण त्याच त्यांना झाडाझाडावर नेतात. सर्जिकल स्पिरिटमध्ये इअरबड बुडवून एकेक टिपला, रात्री अकरापर्यंत. मग निंबोळी तेल, लिटरला एक चहाचा चमचा नि भांड्याच्या साबणाचे थेंब, दिवे लागणीनंतर फवारलं. घोस्ट प्लांटवर तेल फवारायचं नाही, त्याच्या पानांवर जी नैसर्गिक पांढुरकी पावडर असते ती उतरते आणि मग परत येत नाही, त्याला फक्त स्पिरिट, तेही किडीपुरतं. ती पावडर म्हणजे रोग समजून लेकीने दोन पानं पुसली, तिथे आता हिरवे ठसे आहेत तिच्या बोटांचे, ते झाड मी कुणालाच देणार नाही, आपल्याकडे ठेवणार.

जेडची पाच गेली, ११ राहिली. स्पिरिट, तेल मिळून ११०. खर्च ९४०.

(काकूंच्या ब्रह्मकमळाला परवा रात्री नऊ फुलं आली, पूर्ण मजला बघायला. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, वेगळंच झाड, आपल्या घराघरात आहे ते निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिकोकडचं. पण पानावरून रुजतं आणि असंच ह्या घरातून त्या घरात जातं. मलाही एक पान मिळालं.)

८ सप्टेंबर

आतमध्ये आणल्यामुळे झाडं उजेड शोधत लांबुडकी झाली, पानापानात अंतर पडलं. २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब, २३० रुपये, मधल्या पेटीच्या आतून वरच्या फळीला लावली. झाडांपासून वीतभर, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. जी जास्तच उंच झाली त्यांचा शेंडा ब्लेडने कापून सुपात टाकला, दहा दिवसांनी परत लावायचा, आणि उरलेल्या बुंध्यालाही नवे फुटवे येतात.

परवा गौरी. ह्या वर्षी थर्माकोलचं, कागदाचं काही नाही, पेट्यांचीच आरास. गौरी मधे आणि दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखी मटकी, मनी प्लांटचे वेल वरून खाली सोडलेले. आईंनी जुनी इरकल मागे पडद्यासारखी लावली आणि करडी-जांभळी पानं त्या लाल काठासमोर अशी काही उठून दिसली की मी फोटो काढायचं विसरले.

खर्च ११७०.

२० ऑक्टोबर

मोजणी. घोस्ट १२, जेड ११, पानफुटी ६, स्नेक प्लांट ४, हॅवर्थियाची पिल्लं ३, कोरफड २. एकूण ३८. कोकोपीटची अजून एक वीट घेतली, ६०. सगळी आपापल्या मटक्यात. स्नेक प्लांटच्या तुकड्यांना आता कुठे जमिनीतून कोंब आले, चार महिने लागले, आणि चारही पूर्ण हिरवे, पिवळा काठ गायब. पानाच्या तुकड्यापासून केलं की असंच होतं, पिवळा काठ हवा असेल तर गड्ड्यासकट वेगळं करावं लागतं. हिरवंही चांगलंच आहे.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर निवांत. मटक्यांना बाहेरून गेरू लावला आणि वरून पांढऱ्या रंगाने रांगोळीचे ठिपके, गेरू-रंग मिळून ४० रुपये. लेकीने १५ केली, आईंनी बाकीची, हात जराही थरथरत नाही त्यांचा. एकूण १२७०, आता अजून काही घ्यायचं नाही. ३८ ने भागलं तर झाडामागे ३३ रुपये पडले.

ठिपके काढता काढता मी आईंना म्हटलं की ह्या वेळी वाण तुम्ही द्यायचं. बाबा गेल्यापासून सात वर्षं त्या हळदीकुंकवाच्या दिवशी आत बसतात, तिळगूळ ताटल्यांत काढून देतात, बाहेर येत नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, पानफुटीला कमी पाणी घाल, पिवळी पडतेय.

१५ डिसेंबर

थंडी छान पडली आहे. जाळी काढली, सगळी बाल्कनीत, जेडच्या पानांच्या कडा लालसर झाल्या. घोस्टवर गुलाबी झाक आली, थंडी आणि ऊन दोन्ही मिळालं की येते. पाणी बारा दिवसांनी.

१२ जानेवारी २०२५

जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून चिठ्ठ्या केल्या. खूप सूचना लिहून बघितल्या, शेवटी एवढंच ठेवलं: सकाळचं ऊन, माती पूर्ण वाळली की पाणी, बशीत पाणी साठू देऊ नका. खाली झाडाचं नाव.

१९ जानेवारी, रविवार

आज झालं. निमंत्रणात हळदीकुंकू आणि तिळगूळ, सगळ्यांसाठी, असं लिहिलं होतं. ३६ जणी आल्या, मावशी आणि त्यांची सून, इस्त्रीवाल्या काकी, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ज्या कुठेच जात नाहीत त्याही. पेट्यांची मांडणी दारासमोर आणली होती. पहिल्या चार-पाच जणींना मी वाण दिलं, मग आई आतून आल्या, हिरवी नऊवारी, आणि माझ्या हातातलं मटकं घेतलं. त्यानंतरची सगळी त्यांनीच दिली. देताना प्रत्येकीला तेच सांगत होत्या, ह्याचं पान गळलं तर टाकू नका, पाच दिवस सावलीत ठेवा, त्याचं दुसरं होईल. आजींना त्यांनी स्वतः ठिपके काढलेलं मटकं दिलं, दोघी मग बराच वेळ बटाट्याच्या बेण्यावर बोलत होत्या.

दोन झाडं उरली.

२६ जानेवारी

पहिल्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा फोटो आला. नेताना जिन्यात तिच्या घोस्ट प्लांटची तीन पानं गळली होती, ती तिने फरसाणाच्या डब्याच्या झाकणात ओळीने ठेवली आहेत. विचारलंय, बुडाशी तपकिरी झालंय, आता पाणी घालू का? मी आईंना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला, मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, सांग तिला, अजून नको, मुळं दिसू देत.